शिवणीतली माया

ज्याने हा देह बेतला, कापला आणि एकही टाका दिसू न देता शिवला, त्याच्यापुढे आधी हात जोडू. आणि मग ठाकुर्लीच्या पूर्वेला, पत्र्याच्या छपराच्या एका चाळीत, शिवणयंत्रापाशी बसलेल्या कलावतीकडे वळू.

कलावती घाडी मूळची कणकवलीकडची. नवरा बाबुराव डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर तिने ब्लाउज शिवून संसार ओढला. तिच्या हाताला नाव होते ते एका गोष्टीसाठी. ती माया भरपूर ठेवायची. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवलेले जादा कापड. आज उपयोगाचे नाही, पण अंग भरले की उसवायचे, सैल करायचे, पुन्हा घालायचे. शेजारच्या विमलाबाई म्हणत, "कलावतीचा ब्लाउज लग्नात शिवावा, दोन बाळंतपणं होऊ द्यावीत, मग उसवून घ्यावा. परत नवा."

एकदा चाळीच्या चौकात सप्ताह बसला होता. बुवा रंगात आले होते. टाळ थांबवून म्हणाले, "मायबाप, माया सोडा. माया सोडल्यावाचून सुटका नाही." कलावती विमलाबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, "मी सोडतेच की. शिवणीमागं दीड इंच." बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. बुवांनी विचारले, कुणीतरी सांगितले, आणि बुवाही हसले. म्हणाले, "बाई, तुमच्या धंद्यात सोडणे म्हणजे ठेवणे, आणि आमच्यात सोडणे म्हणजे टाकणे. दोघांची गाठ कुठे पडते ते देव जाणे."

ती गाठ पुढे पडली, आणि ती एका लहान मुलीच्या कोपराच्या लवणीत पडली.

नऊ वर्षांपूर्वी कलावतीला कोलशेतच्या बाजूला एका धर्मादाय रुग्णालयात सकाळचे काम लागले; दुपारी ती घरी परते. तिथे भाजलेल्या माणसांसाठी घट्ट कपडे शिवायचे असत: बाह्या, हातमोजे, जाकिटे, गळपट्टे. ताणल्यावर परत आवळणारे कापड, आणि रोग्याच्या अंगाच्या मापापेक्षा शंभराला पंधरा कमी असा बेत. हे कपडे दिवसाचे तेवीस तास अंगावर ठेवायचे. आंघोळीपुरता एक तास सुटका. वर्षभर, कधी दीड वर्ष.

पहिल्याच दिवशी तिने एका कामगाराच्या हाताची बाही शिवून नेली. व्यायाम देणाऱ्या वैशाली मॅडम यांनी ती उलटी करून पाहिली.

"कलावतीबाई, हे काय आहे?"

"माया आहे, मॅडम."

"कशाला?"

"घट्ट झाली तर उसवता येईल."

मॅडमनी कात्री उचलली आणि ती सगळी माया शिवणीला लागून कापून टाकली. मॅडम म्हणाल्या, "घट्ट व्हायला हवी म्हणूनच तर शिवतोय. बसा, सांगते."

मॅडम ठाण्याच्या, टेंभी नाक्याजवळ वाढलेल्या. त्यांनी आपल्या भागातलेच उदाहरण घेतले. "नवरात्रात आमच्याकडे मांडव घालतात, पाहिलाय ना? माणसं दोर ओढतात, कापड ताणतात. समजा, देवी गेली, उत्सव संपला, आणि त्या माणसांना कुणी सांगितलंच नाही. ती ओढतच राहिली. काय होईल?"

"बांबू वाकतील."

"तेच होतं. भाजलेली जागा भरून काढायला आतून पेशी येतात. इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्या जखमेच्या कडा धरतात आणि ओढतात. मागोमाग तंतू विणतात. काम झालं की त्यांनी निघून जायचं असतं. पण त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत. काम झालं की नाही हे त्यांना एकाच गोष्टीवरून कळतं, ताण आहे की नाही. ताण राहिला तर त्यांना वाटतं, काम बाकी आहे. त्या आणखी ओढतात, आणखी विणतात. त्यानं जागा आणखी घट्ट होते, मग त्या आणखी जोर लावतात. वण दोरखंडासारखा उठतो. कोपरावर असला तर हात वाकवूनच ठेवतो."

कलावती विचार करून म्हणाली, "मग आपलं कापड त्यांना सांगतं, बायांनो, झालं काम, घरी जा."

"अगदी. पण ते दाबून सांगावं लागतं, आणि रोज सांगावं लागतं. तुम्ही एक दिवस ढील दिली की त्या परत दोर धरतात."

हे कलावतीच्या मनात बसले. केवढे नवल आहे हे, थोडे थांबून पाहा. ज्याला आपण मांस म्हणतो, त्याच्या कणाकणाला स्पर्श कळतो. ओढ कळते, दाब कळतो, भार कळतो. पाटी वाहणाऱ्या बाईच्या मानेचे हाड त्या भाराने जाड होते. अंथरुणाला खिळलेल्याचे हाड भाराविना विरघळू लागते. पोटात बाळ वाढते तसे आईचे पोट वाढते, कारण आतून कुणीतरी हळूहळू ढकलत असते आणि कातडी त्या ढकलण्याला होकार देत असते. कलावतीच्या स्वतःच्या उजव्या बोटावर कात्रीच्या कडीने घट्टा पडला होता. तो तिने मागितला नव्हता, तिच्या कातडीनेच कात्रीचे म्हणणे ऐकून तो उभारला होता. शब्द नाही, अक्षर नाही, आणि तरी देहात अखंड बोलणे चालले आहे.

नऊ वर्षे कलावती मायेशिवाय शिवत राहिली. माणसे रडत, चिडत, शिव्या देत. एक रिक्षावाला म्हणाला होता, "म्हातारे, तू शिंपीण आहेस की फास लावणारी?" कलावती म्हणाली, "शिव्या दे, पण हात आत घाल." वर्षाने त्याच हाताने तो पुन्हा रिक्षा चालवू लागला. घरी मात्र चाळीचे ब्लाउज ती पूर्वीसारखेच शिवायची, दीड इंच माया सोडून. हात दोन होते, तसे नियमही दोन होते. आणि दोन्ही आपापल्या जागी सुखाने नांदत होते.

मग श्रिया भाजली.

श्रिया ही भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सोनलची सहा वर्षांची मुलगी. सोनल डोंबिवलीत चष्म्याच्या दुकानात कामाला. नवरा मयूर कंपनीच्या कामाने गुजरातेत, दोन महिन्यांतून एकदा यायचा. शाळा सुटली की श्रिया कलावतीकडे. तिथेच जेवायची, दुपारी तिथेच झोपायची, चिंध्यांच्या बाहुल्या करायची. कलावतीला मूलबाळ नव्हते. ती श्रियाला नात म्हणत नसे. पण पोर "आजी" म्हणून दारातून आत आली की तिचे पायडलवरचे पाऊल आपोआप थांबे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आंघोळीसाठी तापवलेल्या पाण्याचे पातेले उतरवताना सोनलच्या हातून निसटले. श्रियाचा उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत पोळला. जखम भरायला डिसेंबर उजाडला. माप घ्यायला पोर कलावतीच्याच खोलीत आली, रुग्णालयातल्या त्या खोलीत, जिथे कलावतीने शेकडो हात मोजले होते. दंडाचा घेर सतरा सेंटिमीटर, कोपराचा साडेसोळा. तिने आकडे लिहिले, पंधरा टक्के वजा केले, कापड बेतले. आणि कापताना तिची कात्री बोटभर बाहेरून गेली.

तिने ते पाहिले. वाढत्या अंगाचे पोर आहे, असे स्वतःशी म्हटले, आणि ती बोटभर माया बाहेरच्या अंगाला दुमडून अशी बारीक शिवली की वैशाली मॅडमनाही दिसली नाही.

मार्चपर्यंत सगळे ठीक चालले. दर महिन्याला मॅडम कोन मोजायची पट्टी कोपराला लावत. हात सरळ होण्याला पाच अंश कमी पडत, तेवढेच. मॅडम म्हणत, "छान. असंच ठेवा." सोनलचा जीव भांड्यात पडे.

मग ऊन तापले. पत्रे तापले. दुपारी दोन वाजता त्या खोलीत पंखा गरम वारा फेकायचा. बाहीखालचा वण खाजायचा, आणि श्रिया कुठे खाजवावे ते न कळून हात भिंतीवर घासायची. शिवाय दुपारी झोपताना कोपर सरळ राहावे म्हणून कडक पट्टी बांधायची असे. एके दिवशी ती रडली नाही, हट्ट केला नाही. कलावतीच्या मांडीवर डोके ठेवून इतकेच म्हणाली, "आजी, ती आतून चावते. थोडी सैल कर ना. थोडीच."

मोठ्या माणसांच्या शिव्या नऊ वर्षे पचवणारी कलावती त्या "थोडीच" पुढे हरली. तिने टाके उसवायची छोटी कात्री घेतली. बाहेरच्या अंगाची शिवण टाका टाका काढली, बोटभर माया मोकळी केली, आणि कापडाच्या कडेलगत दुसरी शिवण मारली. श्रियाने हात हलवून पाहिला आणि हसली. कडक पट्टी त्या दुपारी खुंटीवरच राहिली. पोर कोपर पोटाशी मुडपून चार वाजेपर्यंत झोपली. कलावतीने पंख्याखाली तिच्या केसांतला घाम पुसला, आणि आपण काही चांगले केले असे तिला वाटले.

"कुणाला सांगायचं नाही हं."

"प्रॉमिस."

सोनलने एकदा विचारले, "काकू, बाही सैल वाटतेय का हो?"

"धुऊन धुऊन कापड सैलावतं," कलावती म्हणाली. आयुष्यात कापडाबद्दल ती पहिल्यांदाच खोटे बोलली.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती जुन्या घट्ट रेषेवरून शिवण मारायची. परत आल्यावर उसवायची. एप्रिलच्या तपासणीत दहा अंश निघाले. मॅडम म्हणाल्या, "वाढीचं वय आहे, लक्ष ठेवा." कलावतीने ऐकले आणि मनातल्या मनात ते दहाचे आठ केले. बाहीखाली मात्र त्या न दिसणाऱ्या बाया पुन्हा दोर धरून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कुणी दाबून सांगत नव्हते. म्हणून त्या ओढत होत्या, विणत होत्या, निष्ठेने, रात्रंदिवस. त्यांचा काय दोष? त्यांना जे कळत होते, ते त्या करत होत्या.

मेच्या तपासणीला तीस अंश निघाले.

कलावती शेजारच्या खोलीत यंत्रावर होती. मधे फक्त पडदा होता. मॅडमनी पट्टी दोनदा लावली, तिसऱ्यांदा लावली. कोपराच्या लवणीत बोट फिरवले. तिथे दोरीसारखा वण उठला होता, लाल, ताठ.

"सोनल, बाही किती तास घालता?"

"तेवीस, मॅडम. आंघोळीलाच काढते."

"खरं सांगा."

"खरंच सांगते, मॅडम. रात्री मी स्वतः बघते."

"मग हे झालं नसतं. मी तुम्हाला बोलत नाही, पण पोरीचा हात आहे हा. कामावर जाता, थकता, मी समजू शकते. पण हे असंच राहिलं तर वण कापून तिथे दुसरीकडची कातडी लावावी लागेल. आणि ती लावल्यावर पुन्हा बाही आहेच."

पडद्याआड कलावतीचे पाऊल पायडलवर होते आणि यंत्र बंद होते. एक वाक्य बोलायचे होते. तिने ते बोलायला तोंड उघडले, आणि "पुढचा पेशंट" अशी हाक आली. ती बोलली नाही.

दोन दिवस ती बोलली नाही. त्या दोन दिवसांत सोनलने दुकानात सांगून टाकले की ती काम सोडतेय. ओट्यावर उभ्या विमलाबाई म्हणाल्या, "सोडू नको गं, पोर कलावतीकडं असतेच की." सोनल म्हणाली, "काकू काय जन्मभर माझी पोर सांभाळणार? चूक माझी आहे. पातेलंही माझ्याच हातून पडलेलं."

तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, भिंतीपलीकडून सोनलचा आवाज आला.

"तू काढतेस ना बाही? खेळताना काढतेस?"

उत्तर नाही.

"श्रिया, मी विचारतेय. मी ओरडणार नाही. कोण काढतं?"

उत्तर नाही. मग एक चापट बसल्याचा आवाज, आणि मागोमाग सोनलचेच रडणे. पोर रडली नाही. सहा वर्षांचे ते लेकरू आजीला दिलेला शब्द मुठीत धरून उभे होते, आणि भिंतीच्या अलीकडे अठ्ठावन्न वर्षांची बाई त्या शब्दामागे लपून बसली होती.

कलावती उठली. पायात चपला न घालताच ती पलीकडे गेली.

"तिला मारू नको, सोनल. बाही मी सैल केलेली. मार्चपासून."

सोनलने वर पाहिले. तिला कळायला वेळ लागला. "तुम्ही?"

"मी माया सोडली होती आत. पोर म्हणाली चावते, तर मी उसवली. तपासणीच्या आधी घट्ट करायची. दुपारची पट्टीही बांधली नाही."

"मॅडमसमोर मला बोलणी बसत होती, तेव्हा तुम्ही तिथेच होता."

"होते."

"ऐकत होता."

"ऐकत होते."

सोनलने श्रियाला जवळ ओढले. हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी निदान चुकून भाजलं." आणि दार लोटून घेतले.

दुसऱ्या दिवशी कलावतीने बाही मॅडमच्या टेबलावर उलटी करून ठेवली. कापडात सुयांच्या भोकांच्या दोन रांगा दिसत होत्या, एक आत, एक बाहेर. सांगायला फारसे उरले नव्हते. मॅडम बराच वेळ त्या भोकांवरून नख फिरवत राहिल्या.

"नऊ वर्षं मी तुम्हाला हेच सांगत आले."

"हो."

"बाकी कुणाचं केलंत असं?"

"नाही. देवाशपथ नाही."

"म्हणजे परक्यांच्या हाताला तुम्ही न्याय दिलात."

कलावतीने मान खाली घातली. म्हणाली, "मला काढून टाका, मॅडम. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मॅडम चिडल्या. "आणि शिवेल कोण? तुम्ही घरी जाऊन रडाल, तुमचं हलकं होईल. त्या पोरीचं काय? ऐका. सहा आठवडे हाताला काढता-घालता येईल असा साचा घालू. दर गुरुवारी थोडा थोडा सरळ करायचा, इतका हळू की कातडीला कळेल पण फाटणार नाही. जी ओढीनं आखडते ती सावकाश ओढीनं वाढतेही. सोबत नवी बाही, पुन्हा मापानं, आणि घरी दिवसातून चारदा हात ताणून सरळ धरायचा. जमलं तर शस्त्रक्रिया टळेल. नाही जमलं तर नाही."

"किती आशा आहे?"

"मी आकडा देणार नाही. दिला तर तुम्ही त्यातही माया ठेवाल."

गुरुवारी सोनल श्रियाला घेऊन मापाला आली. कलावतीशी बोलली नाही. पोरीचा हात तिने स्वतः धरून ठेवला. कलावतीने फीत लावली, आकडा मोठ्याने म्हटला. सोनलने तो आपल्या मोबाइलमध्ये लिहिला. कापड बेतले तेव्हा ती टेबलापाशी उभी राहिली. कात्री रेषेवरून गेली. सोनलने कापलेला तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

बाही चढवताना श्रिया कळवळली. तिने कलावतीकडे पाहिले. "आजी, थोडी सैल ठेवशील?"

सोनलने कलावतीच्या तोंडाकडे पाहिले.

"नाही, बाळा."

"थोडीच?"

"थोडीही नाही."

श्रियाने मान फिरवली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसले. ज्या पोरीने आजीसाठी चापट खाल्ली होती, तिने आज पहिल्यांदा आजीकडे पाठ केली. कलावतीने शेवटच्या टाक्याचा धागा तोडला. वर्षानुवर्षे परक्यांचा राग झेलताना जे सोपे होते, ते या पाठमोऱ्या डोक्याकडे पाहताना जड झाले.

पहिल्या गुरुवारी तीसचे अठ्ठावीस झाले. दुसऱ्या गुरुवारी चोवीस. तिसऱ्या गुरुवारीही चोवीसच. मॅडमनी पट्टी खिशात घातली.

श्रिया आता कलावतीकडे येत नाही. सोनलने दुकानात अर्ध्या दिवसाचे काम मागून घेतले आहे. दुपारी पोर विमलाबाईंकडे असते, आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे ताण द्यायची वेळ होते. कलावतीला ती वेळ पाठ आहे. यंत्र थांबवून ती हात मांडीवर ठेवते. पलीकडून सोनल मोजू लागते, एक, दोन, तीन. तीसपर्यंत मोजायचे असते. बाराला पोर कुरकुरते. अठराला रडू लागते. विसाला "आई, बस ना, बस ना" म्हणते. सोनलचा आवाज कापतो, पण थांबत नाही.

आणि भिंतीच्या अलीकडे कलावतीचे सगळे अंग उठू पाहते. पाय जमिनीला टेकतात, हात दाराकडे जातो. जाऊन पोरीला उचलावे, तो हात मोकळा करावा, कपाळावरचा घाम पुसावा. ती ओढ खरी आहे. तिच्याहून खरे तिच्याजवळ दुसरे काही नाही. कलावती डोळे मिटते, दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरते, आणि बसून राहते. ओठ मात्र सोनलबरोबर मोजत असतात. चोवीस. पंचवीस. सव्वीस.